चिकूच्या सावलीत काय लावावे?

घोलवडच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. दारात सासऱ्यांनी लावलेला जुना चिकू आहे. त्याच्याखाली गुलाब लावला, मोगरा लावला, दोन्ही सुकले. पावसाळ्यात थोडे गवत, दिवाळीनंतर नुसती धूळ. आता मुले म्हणतात, झाड तोडून फरशी घालू. "आपा, काही सुचवाल का?"

सुचवते, पण कुऱ्हाड आधी बाजूला ठेवायला सांगा. भारतातला पहिला चिकू 1898 मध्ये तुमच्याच घोलवडला लागला असे सांगतात. 2016 साली त्या नावाला भौगोलिक मानांकनही मिळाले. फरशी एका दिवसात होते. अशी सावली मिळायला एक पिढी जाते.

गुलाब का मेला ते पाहा. चिकूची पाने एकदम गळत नाहीत, त्यामुळे खाली ऊन यावे असा ऋतूच येत नाही. त्यात त्याची बारीक मुळे मातीच्या वरच्याच थरात पसरलेली. पाऊस थांबला की उरलेली ओल तीच पिऊन टाकतात. मोगऱ्याला ऊनही हवे आणि पाणीही, इथे दोन्ही नाही.

म्हणून पावसाच्या ओलीवर वाढून कोरड्या दिवसांत मातीखाली झोपणारी झाडे निवडा. हळद, आंबेहळद आणि सुरण. मेअखेरीस किंवा पहिल्या पावसाबरोबर बेणे लावा. बुंध्यापासून तीन-चार हात सोडून, पानांचा घेर संपतो त्या बाजूला. कुदळ नको, खुरप्याने लहान खड्डे करा आणि जाड मूळ लागले की जागा बदला. पावसाळाभर हळदीची पाने मासे गुंडाळून वाफवायला मिळतील. हिवाळ्यात पाने पिवळी पडून वाळली की गड्डे काढा. भर उन्हातल्याइतके उत्पन्न येणार नाही, पण घरापुरते येईल. सुरण काढताना हाताला तेल लावा, आणि भाजीत चिंच किंवा कोकम विसरू नका, नाहीतर घसा खाजेल.

बारमाही हिरवे हवे असेल तर कडेला अडुळसा आणि कुंडीत स्नेक प्लांट. डिफेनबॅकिया सावलीत छान दिसतो, पण त्याचे पान चावले तर तोंड सुजते. रांगते मूल असेल त्या घरात तो नकोच.

एक चूक मी केली ती तुम्ही करू नका. आमच्या आंब्याभोवती विटांचा कट्टा बांधून मी गुडघाभर माती भरली होती, फुलझाडांसाठी. खोड आत कुजले आणि दोन वर्षांत एक मोठी फांदी वाळली. अब्बा काही बोलले नाहीत, पण रोज त्या फांदीकडे बघायचे. बुंध्याशी माती चढवू नका.

आणि रोज अंगण लख्ख झाडण्याची आपली सवय! झाडाखालची वाळकी पाने तिथेच राहू द्या, ओल टिकते. सापाची भीती वाटते हे खरे आहे, म्हणून दारापासून पाच-सहा हातांचा पट्टा मोकळा ठेवा आणि पानांत हात घालण्याआधी काठी फिरवा. वुजूचे पाणी बादलीत धरून संध्याकाळी कुंड्यांना घाला. त्यात साबण नसतो.

बेणे मात्र आत्ताच कुणाला तरी सांगून ठेवा. कोसबाडचे कृषी विज्ञान केंद्र तुम्हाला जवळच आहे, तिथे विचारा. मेमध्ये सगळ्यांनाच एकदम हवे असते.