हजेरी घेणाऱ्यांच्या टोळीत आपला माणूस

रंकाळ्याच्या कडेला चायनीजची गाडी. लाल रंग, वर ड्रॅगन काढलेला. कढईवर उभा असलेला पोरगा दार्जिलिंगचा, वय वीस-बावीस. मी मुंबईच्या गोदीत माल ओढतो, चार दिवसांच्या सुट्टीवर गावी आलो होतो. प्लेट हातात घेऊन उभा होतो. तेवढ्यात मोटारसायकलवरून तिघं उतरले. एकजण म्हणाला, "ए चिनी, आधारकार्ड दाखव. न्हाईतर जा तुझ्या चीनला."

पोरानं कढई खाली उतरवली. हात पुसले. पाकिटातून कार्ड काढून दाखवलं. एक शब्द बोलला नाही. रोजचंच असावं.

बाकी दोघं हसले. त्यातल्या एकाच्या मोटारसायकलवर निळ्या अक्षरांत 'जय भीम' लिहिलेलं होतं.

कार्ड मागणाऱ्याशी माझं भांडण जुनं आहे, ते दुसरीकडं होईल. हे लिहितोय ते तुझ्यासाठी. तू जो हसलास, तुझ्यासाठी.

भावा, याच कोल्हापुरात तुझ्या-माझ्या पणज्याची हजेरी लागायची. महार, मांग, रामोशी, बेरड. चोरी केली म्हणून नव्हे, त्या जातीत जन्मला म्हणून. कामधंदा सोडून चावडीवर जायचं, तोंड दाखवायचं, मी इथंच आहे, पळालो नाही, असं सांगायचं. शाहू महाराजांनी १९१८ साली ही हजेरी बंद केली. म्हणजे शंभर वर्षं उलटून थोडीच झाली, तोवर आपण कार्ड मागणाऱ्याच्या शेजारी उभं राहून दात काढायला लागलो. लई प्रगती केली आपण!

आता ऐक. ही हजेरी आपल्यावरून उठली ती मेली नाही. ती दुसऱ्याच्या दारात गेली.

१९६२ साली चीनशी युद्ध झालं. महिनाभर चाललं. हरलं सरकार, आणि राग काढला कुणावर? आसामात, शिलाँगमध्ये, दार्जिलिंगात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या चिनी वंशाच्या माणसांवर. सुतार, चांभार, चहाच्या मळ्यातले कारागीर, हॉटेलवाले, त्यांच्या बायका, शाळेतली पोरं. सुमारे तीन हजार माणसं उचलली, आगगाडीत कोंबली आणि राजस्थानात देवली इथल्या छावणीत नेऊन टाकली. ही तीच देवली, जिथं इंग्रजांनी जयप्रकाश नारायणांना कोंडलं होतं. खटला नाही, आरोप नाही, वकील नाही. कित्येकांची तिथं वर्षं गेली. सुटून परत आले तर घरदार लिलावात गेलेलं. जे छावणीबाहेर राहिले त्यांना पोलिसांत नोंद करायची, गाव सोडायचं तर परवानगी काढायची. हजेरीच की ती!

त्या वेळचा कायदा काय म्हणत होता माहीत आहे? तू भारताचा नागरिक असशील, पण तुझा बाप, आई, आजा किंवा आजी यांच्यापैकी एकजण जरी कधी शत्रुराष्ट्राचा नागरिक असेल, तर तुला परदेशी माणसाचा कायदा लागू. आजा कोण, हे विचारणारा कायदा! हा प्रश्न आपण कुठं ऐकलाय? गावात ऐकलाय. भाड्यानं खोली बघायला गेल्यावर ऐकलाय. आडनाव सांगितल्यावर "म्हणजे कुठले तुम्ही?" असं विचारतात, तेव्हा आजाच विचारत असतात.

आणि हा तोच देश, ज्यानं सोलापूरच्या डॉक्टर कोटणीसांना डोक्यावर घेतलं. चीनच्या जखमी सैनिकांवर उपचार करता करता हा माणूस १९४२ साली तिथंच मेला. कोल्हापूरच्या शांतारामबापूंनी १९४६ ला त्यांच्यावर सिनेमा काढला, स्वतः कोटणीस झाले. लोकांनी डोळे पुसले. सोळा वर्षांनी त्याच लोकांच्या सरकारनं चिनी चेहऱ्याची पोरं छावणीत टाकली.

आमच्या गोदीपासून जवळ, माझगावात, चिनी लोकांचं एक देऊळ आहे. १९१९ सालचं. बोटींवर आणि गोदीत राबणाऱ्यांनी बांधलेलं. आजूबाजूची चिनी वस्ती १९६२ नंतर विरत गेली. देऊळ तेवढं राहिलंय. माल उतरवताना कधी मनात येतं, ही गोणी माझ्याआधी कुणी उचलली असेल?

गोऱ्या अमेरिकेनं हेच केलं. डोंगर फोडून रेल्वे टाकायला चिनी मजूर लागले. पगार गोऱ्यापेक्षा कमी, तास जास्त. १८६७ च्या जूनमध्ये तीन हजार चिनी मजुरांनी संप केला. समान दाम, कमी तास. कंपनीनं त्यांचा शिधा तोडला. डोंगरात भुकेनं आठवड्याभरात संप मोडला. संप कसा मोडतात हे गोदीवाल्याला कुणी शिकवायला नको. रेल्वे झाली, मग चिनी नकोसे झाले. १८८२ साली कायदा केला, चिनी मजुराला देशात येता येणार नाही. तो उठला १९४३ ला. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला शिकत होते, तेव्हाही तो चालूच होता.

१८९२ साली तर तिथल्या चिनी मजुराला राहण्याचा सरकारी दाखला काढायचा हुकूम झाला. पोलिसानं मागितला आणि नसला तर अटक. आणि कायदा झाला तेव्हा मी इथंच राहत होतो, याला साक्षीदार पाहिजे तो गोरा! चिन्यांच्या संघटनांनी सांगितलं, नाव नोंदवू नका. लाखभर माणसांपैकी बहुतेकांनी नोंदवलं नाही. दुसऱ्याच्या देशात, भाषा येत नाही, मत द्यायचा हक्क नाही, तरी म्हणाले, आम्ही कुत्रा नाही पट्टा बांधायला. कोर्टात हरले. पण लढले.

वाँग किम आर्क नावाचा आचारी होता. सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला. चीनला जाऊन परत आला तर बंदरावर अडवला, तू चिनी म्हणून. तो कोर्टात गेला आणि १८९८ साली जिंकला. इथं जन्मला तो इथला, आई-बाप कुणीही असोत. २०२५ च्या जानेवारीत ट्रम्पनं हा हक्क कापायचा हुकूम काढला, तेव्हा विरोधात कोर्टात गेलेल्यांनी याच आचाऱ्याचा निकाल पुढं केला. कढईवरचा माणूस होता तो, भावा. रंकाळ्यावर उभा असतो तसा.

आता आपल्याकडच्यांचं बघ. १९२३ साली भगतसिंग थिंद नावाचा माणूस अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात नागरिकत्व मागत होता. त्यांच्या सैन्यात चाकरी केलेला, हक्क मागणं चूक नव्हतंच. पण त्याच्या बाजूनं मुद्दा काय मांडला? हा उच्च जातीचा आर्य आहे, म्हणून गोरा आहे. उच्चवर्णीय हिंदू इथल्या मूळच्या लोकांशी सोयरीक करत नाही, जसा गोरा काळ्याशी करत नाही! जात घेऊन साता समुद्रापार गेले आणि तीच दाखला म्हणून पुढं केली. कोर्टानं हाकललं. आचारी म्हणाला, मी इथं जन्मलो. हा म्हणाला, मी वर जन्मलो. तू कुणाच्या बाजूनं हसलास, ठरव.

तू म्हणशील, चीन शत्रू आहे, २०२० ला गलवानमध्ये आपले वीस जवान गेले. गेले. त्याचा जाब चीनच्या सरकारला विचार. दार्जिलिंगच्या पोराला विचारायला तो काय तिथं होता? त्याच वर्षी ईशान्येच्या पोरापोरींना शहराशहरांत 'कोरोना' म्हणून थुंकले, घरातून काढले. शिवायचं नाही, जवळ यायचं नाही. ओळख पटली का?

तू म्हणशील, आपलंच दुःख थोडं आहे का? अरे, १९७२ साली आपल्या पोरांनी पँथर हे नाव घेतलं ते अमेरिकेतल्या काळ्यांकडून. तेव्हा कुणी म्हणालं नाही, त्यांचं दुःख त्यांच्यापाशी.

अमेरिकेच्या संसदेनं २०११ आणि २०१२ साली चिनी-बंदीबद्दल खेद तरी मांडला. देवलीत कोंडलेली माणसं म्हातारी झाली. त्यातली काही कॅनडात आहेत. २०१७ ला बस करून ओटावाला भारताच्या वकिलातीसमोर गेली. मागणी एकच, माफी मागा. दिल्लीनं अजून मागितलेली नाही.

आणि मी? मी त्या रात्री प्लेट हातात धरून गप्प उभा राहिलो. पाच फूट अंतर होतं. म्हणजे माझंही नाव लिही, हसणाऱ्याच्या खाली.

उद्या संध्याकाळी मी परत त्या गाडीवर जाणार आहे. परवा मुंबईची गाडी आहे, त्याआधी. कुणी कार्ड मागितलं तर आधी माझं मागायला लावणार आहे. तूही ये. गाडी बाजूला लाव आणि पोराच्या बाजूला उभा राहा. नसेल जमत, तर नंबरप्लेटवरची ती दोन अक्षरं खरवडून काढ.

जय भीम.