डिझेल इंजिनाची निगा मालकानेच पाहावी

सुताचा भाव आज काय निघाला हे आपल्यापैकी प्रत्येकजण सकाळच्या चहाआधी विचारतो. ग्रे कापड मीटरला कितीने गेले, कोणत्या पार्टीचा चेक परत आला, कोणाकडे किती उधारी अडकली, हे सगळे तोंडपाठ असते. पण कारखान्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लाखो रुपयांचे जे डिझेल इंजिन उभे आहे, त्याचे तास किती झाले, तेल केव्हा बदलले, असे विचारले तर मालक ऑपरेटरकडे बोट दाखवतो आणि ऑपरेटर मिस्त्रीकडे. मिस्त्रीचे उत्तर ठरलेले असते : ‘शेठ, चालतंय ना? मग कशाला हात लावायचा?’

माझे म्हणणे असे की हा प्रश्न मिस्त्रीचा नाही, मालकाचा आहे. इंजिनाची निगा ही हिशेबाची बाब आहे आणि हिशेब मालकानेच पाहायचा असतो.

मी कापडाचा व्यापारी आहे, मिस्त्री नव्हे. परंतु माझा माल ज्या साइजिंगमध्ये आणि प्रोसेस हाउसमध्ये जातो, तिथे वीज गेल्यावर इंजिन चालू झाले नाही तर नुकसान माझ्याही दारात येते. साइजिंग मशीन मध्येच थांबले की तापलेल्या सिलिंडरवरचा ताणा करपतो, खळ कमी-जास्त बसते, आणि तो भीम मागावर चढला की धागा तुटत राहतो. जेट मशीनमध्ये रंगाचा लॉट अर्ध्यावर अडकला तर शेडमध्ये फरक पडतो. तो माल पार्टी उचलत नाही, उचललाच तर भाव पाडून मागते. म्हणजे एका बॅटरीपायी किंवा एका फिल्टरपायी तीन जणांचा नफा जातो : साइजिंगवाल्याचा, यंत्रमागवाल्याचा आणि व्यापाऱ्याचा. मजुराची मजुरी बुडते ती वेगळीच.

2005 नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्रात तासन्‌तास भारनियमन होत असे. त्या काळात भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीकडे अनेकांनी जनरेटर घेतले. इंजिन रोज चालायचे, म्हणून रोज कोणीतरी त्याच्याकडे पाहायचे. आता तसे भारनियमन राहिले नाही. वीज जाते, पण अवचित जाते. इंजिन महिनाभर उभे असते आणि गरजेच्या वेळी मात्र त्याने दहा सेकंदांत धावावे अशी आपली अपेक्षा असते. पुष्कळांची समजूत अशी की उभ्या इंजिनाला झीज नाही. प्रत्यक्षात उभ्या इंजिनाची बॅटरी उतरते, टाकीतल्या डिझेलमध्ये पाणी साचते, तेल जुने होते आणि नळ्या कडक होतात. वेळेवर इंजिन सुरू न होण्याचे सर्वांत नेहमीचे कारण बॅटरी हेच असते.

निगा का लागते हे समजायचे तर इंजिन कसे चालते हे थोडे समजून घ्यावे. जर्मनीच्या रुडॉल्फ डिझेल यांनी 1897 साली आउग्सबर्ग येथे आपले इंजिन यशस्वी करून दाखवले. त्यात ठिणगी पाडणारा प्लग नाही. हवा इतकी दाबली जाते की ती 500 अंशांच्या वर तापते आणि त्या तापलेल्या हवेत इंजेक्टर डिझेलचा बारीक फवारा मारतो. फवारा आपोआप पेटतो. म्हणजे सारा कारभार दोन गोष्टींवर आहे : हवेचा दाब सुटता कामा नये आणि फवारा बारीक पडला पाहिजे. पिस्टनची रिंग झिजली की पहिली गोष्ट गेली. इंजेक्टरमध्ये घाण बसली की दुसरी गेली. बाकीची सर्व निगा या दोन गोष्टी सांभाळण्यासाठी आहे.

प्रथम हवा. एक लिटर डिझेल जाळायला दहा हजार लिटरांहून अधिक हवा लागते. आपल्या वस्तीतली हवा म्हणजे सुताची धूळ आणि उडणारी रुई. ती एअर फिल्टरवर थर धरते, इंजिनाचा श्वास कोंडतो, धूर काळा होतो आणि डिझेल जास्त जाते. हीच रुई रेडिएटरच्या जाळीत बसली की पाणी थंड होत नाही. इतर धंद्यांत रेडिएटरची जाळी महिन्याने साफ केली तरी भागते. कापडाच्या धंद्यात ती दर आठवड्याला पाहावी. फिल्टर मात्र जोरदार हवा मारून साफ करू नये. कागद फाटतो, फाटलेले दिसत नाही, आणि धूळ सरळ लायनरवर जाते.

दुसरे डिझेल. स्वस्तातले सुटे डिझेल, त्यात रॉकेलची भेसळ, हा मोह पुष्कळांना होतो. पंपाच्या आणि इंजेक्टरच्या नाजूक भागांना वंगण मिळते ते डिझेलमधूनच. रॉकेलला ते वंगण नाही. लिटरमागे वाचवलेले चार-पाच रुपये पंपाच्या बिलात व्याजासकट परत जातात. टाकीच्या तळाचे आणि फिल्टरच्या वाटीतले पाणी नळ उघडून काढून टाकावे. रोज चालणाऱ्या इंजिनाचे रोज, उभ्या इंजिनाचे निदान आठवड्यातून एकदा.

तिसरे तेल. तेल काळे झाले म्हणजे खराब झाले असे नाही. डिझेल इंजिनाचे तेल काजळी धरून ठेवते म्हणून ते लवकर काळे होते, तेच त्याचे काम आहे. भीती वेगळ्या खुणांची धरावी. डिपस्टिकवर तेल दुधासारखे दिसले तर पाणी मिसळते आहे. पातळी आपोआप वाढली आणि डिझेलचा वास आला तर इंजेक्टर किंवा पंप गळतो आहे. अशा वेळी इंजिन चालवणे म्हणजे बेअरिंग हातांनी फोडणे होय.

चौथे पाणी. बोअरिंगचे खारे पाणी रेडिएटरमध्ये ओतणारे ऑपरेटर मी पुष्कळ पाहिले. त्या पाण्याचा क्षार आत थर धरतो, आणि बाहेरून सर्व ठीक दिसत असताना आतून इंजिन भाजत असते. कंपनीने सांगितलेले कूलंट घालावे. ते गंज रोखते आणि लायनरला बाहेरून बारीक खड्डे पडू देत नाही. गरम रेडिएटरचे झाकण कोणीही उघडू नये. त्या वाफेने माणसे भाजली आहेत.

आता वेळापत्रक. प्रत्येक इंजिनाचे पुस्तक वेगळे असते आणि अंतिम शब्द त्या पुस्तकाचाच. तरी साधारण रीत अशी. रोज : तेल, कूलंट, पट्टा, गळती, बॅटरी. साधारण 250 ते 300 तासांनी, किंवा तास भरले नाहीत तरी सहा महिन्यांनी : तेल आणि फिल्टर. 1500 तासांच्या आसपास : टॅपेट, होज, पट्टे, नट-बोल्टची कसणी. सहा हजार तासांच्या आसपास : इंजेक्टर, टर्बो आणि पाण्याचा पंप जाणकाराकडून तपासून घेणे. यातले ‘किंवा सहा महिन्यांनी’ हे शब्द आपले लोक विसरतात. उभ्या इंजिनाचे तास भरत नाहीत म्हणून तेल वर्षानुवर्षे तेच राहते.

धुराचा रंगही बोलतो. काळा धूर म्हणजे हवा कमी, डिझेल जास्त किंवा बोजा जास्त. निळा धूर म्हणजे तेल जळते आहे. पांढरा धूर इंजिन गरम झाल्यावरही राहिला तर डिझेल न जळता बाहेर पडते आहे किंवा पाणी आत शिरते आहे. हे ओळखायला इंजिनियर लागत नाही. मालकाने दिवसातून एकदा मान वर करून पाहिले तरी पुरे.

आणखी एक चूक सर्रास होते. दर शुक्रवारी किंवा रविवारी इंजिन दहा मिनिटे रिकामे चालवायचे आणि ‘टेस्टिंग झाले’ म्हणायचे. बोजा नसताना इंजिन पुरेसे तापत नाही, अर्धवट जळलेले डिझेल आणि कार्बन एग्झॉस्टमध्ये चिकटतो. त्यापेक्षा महिन्यातून एकदा निदान अर्धा तास, क्षमतेच्या 30 टक्क्यांहून अधिक बोजा टाकून चालवावे. याच कारणाने गरजेपेक्षा फार मोठे जनरेटर घेणेही शहाणपणाचे नाही. काम संपल्यावर बोजा काढून तीन ते पाच मिनिटे इंजिन हलके चालू द्यावे, मग बंद करावे. टर्बो तापलेला असतो. एकदम बंद केले की तेलाचा पुरवठा थांबतो आणि त्याचे बेअरिंग जळते.

आता आपल्या भाषेत, म्हणजे रुपयांत बोलू. 125 केव्हीएचा सेट आहे आणि त्यावर 75 किलोवॉट बोजा आहे असे धरा. लिटरला साडेतीन युनिट धरले तर तासाला सुमारे 21 लिटर डिझेल लागते. कोंडलेला फिल्टर आणि बिघडलेले इंजेक्टर यांपायी समजा पाच टक्केच जास्त गेले, तर तासाला एक लिटर वाया. वर्षाला 600 तास चालले तर 600 लिटर. लिटरला 90 रुपये धरले तर 54,000 रुपये. उलट वर्षात तीनदा तेल बदलले, प्रत्येक वेळी 20 लिटर, लिटरला 300 रुपये, तर 18,000 रुपये. फिल्टरचे प्रत्येक वेळी तीन हजार धरा, म्हणजे 9,000. एकूण 27,000. आकडे तुमच्या कारखान्याचे घाला, पण हिशेब एकदा कागदावर मांडा. निगेचे बिल हातात येते म्हणून ते खर्च वाटते. डिझेलच्या बिलात लपलेले नुकसान कोणी वेगळे लिहून देत नाही.

राहिला प्रश्न माणसाचा. इंजिनाचे पुस्तक इंग्रजीत असते. आपले ऑपरेटर उर्दू, हिंदी किंवा मराठी वाचतात, काहींना तेही जमत नाही. मी स्वतः उर्दू माध्यमात शिकलो, त्यामुळे इंग्रजी तांत्रिक पुस्तक समोर आले की मन कसे माघार घेते हे मला माहीत आहे. म्हणून पुस्तक कपाटात राहते आणि ज्ञान तोंडी चालते. उस्तादाने सांगितले ते शागीर्दाने केले, उस्तादाची चूक असेल तर तीही पुढच्या पिढीला वारशाने मिळाली. यावर उपाय सोपा आहे. रोजच्या तपासणीची दहा-बारा कामे ऑपरेटरला वाचता येईल त्या भाषेत लिहून शेडच्या भिंतीवर लावावीत. शेजारी एक नोंदवही ठेवावी : तारीख, तासांचा आकडा, तेल, तापमान, ऑइल प्रेशर, डिझेल किती घातले. महिन्याला मालकाने त्यावर सही करावी. ऑपरेटरला एक अधिकारही द्यावा : ऑइल प्रेशर पडले किंवा तापमान चढले तर कोणालाही न विचारता इंजिन बंद करण्याचा. ‘शेठ रागावतील’ या भीतीने चालू ठेवलेली इंजिने सर्वांत महाग पडतात.

छोटे कारखानदार म्हणतील, एवढा माणूस आम्हाला परवडत नाही. एकट्याला परवडणार नाही हे खरे. पण एका गल्लीतल्या दहा जणांनी मिळून एक शिकलेला मिस्त्री ठेवला तर परवडतो. आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा वेगळा ट्रेड आहे. आपल्या मोहल्ल्यातली दहावी झालेली मुले मागावर किंवा हातगाडीवर जातात, त्यांतल्या काहींना तिकडे पाठवावे. मोठ्या इंजिनाच्या तेलाचा नमुना प्रयोगशाळेत तपासता येतो. त्यातल्या लोखंड-तांब्याच्या अंशावरून आत काय झिजते आहे हे इंजिन न उघडता कळते. ही सोय संघटनांनी एकत्र मिळून केली तर प्रत्येकाचा वाटा थोडा येईल.

नवे इंजिन घेणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. 1 जुलै 2023 पासून 800 किलोवॉटपर्यंतच्या नव्या जनरेटर इंजिनांना प्रदूषणाचे कडक नियम लागू आहेत. यांतल्या पुष्कळ इंजिनांत एग्झॉस्टला काजळीचा फिल्टर किंवा युरियाची यंत्रणा असते. त्यांना कमी राखेचे ठरावीक तेलच लागते. जुन्या इंजिनाचे उरलेले तेल नव्यात ओतले तर हजारोंचा फिल्टर बंद पडेल. जुन्या मिस्त्रीच्या अंदाजावर हे इंजिन चालणार नाही.

काढलेले जुने तेल गटारात ओतू नये किंवा भट्टीत जाळायला विकू नये. कायद्याने ते घातक कचरा आहे, ते परवानाधारकालाच द्यावे. इंजिनाचा धूर शेडबाहेर उंच सोडावा, कारण बंद जागेत त्यातला विषारी वायू वास न येता जीव घेतो. चेंजओव्हर स्विच पक्का असावा, नाहीतर आपल्या जनरेटरची वीज लाइनवर उलटी जाऊन खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जाईल. येथे पैशाचा हिशेब संपतो आणि माणसाच्या जिवाची जबाबदारी सुरू होते.

बंधूंनो, हा अंक हातावेगळा केल्यावर आपल्या शेडमध्ये जा आणि तासांच्या मीटरचा आकडा एका वहीत लिहा. त्याखाली तेल शेवटचे केव्हा बदलले ते लिहा. तारीख आठवत नसेल तर ती जागा कोरी सोडू नका, उद्याच तेल बदलून उद्याची तारीख लिहा.