त्याला त्याचं ठरवू द्या

फिगर स्केटिंग मनापासून बघणारी दोन माणसं भेटली की पाच मिनिटांत बोलणं युझुरू हान्यूवर येतं. मग ठरलेले प्रश्न सुरू होतात. तो पुन्हा स्पर्धेत उतरेल का? बेजिंग ऑलिंपिकनंतर थांबायची घाई केली का? नुसते कार्यक्रम करून त्याला काय मिळतं? मीही वर्षानुवर्षं या गप्पांत रमले आहे. गप्पा माराव्यात, त्यात वाईट काही नाही. पण त्या कुठे थांबवायच्या हे आपल्याला कळलं पाहिजे. ते कळलं नाही की काय होतं, हे 2023 साली सगळ्यांनी पाहिलं.

ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हान्यू जपानमधल्या सेंदाईचा, जन्म 1994 चा. लहानपणापासून दमा. 11 मार्च 2011 ला मोठा भूकंप झाला तेव्हा सोळा वर्षांचा हा मुलगा गावच्या रिंकवर सराव करत होता, आणि पायातले स्केट्स न काढता तसाच बाहेर पळाला. तीन वर्षांनी सोचीला त्याने ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. 2018 ला प्योंगचांगमध्ये पुन्हा जिंकलं, तेही घोट्याच्या दुखापतीमुळे तीन महिने स्पर्धेबाहेर राहून. पुरुषांमध्ये लागोपाठ दोन सुवर्णपदकं त्याआधी डिक बटनने मिळवली होती, 1948 आणि 1952 मध्ये. मधे सहासष्ट वर्षं गेली.

त्याचं सादरीकरण संपलं की बर्फावर विनी द पूच्या बाहुल्यांचा पाऊस पडायचा. पिवळ्या, गुबगुबीत, शेकड्यांनी. छोटी छोटी स्केटर मुलं येऊन त्या कवेत भरून न्यायची, आणि हान्यू त्या बाहुल्या स्थानिक मुलांना, संस्थांना देऊन टाकायचा. आपलं प्रेम असं असतं तेव्हा ते फार सुंदर दिसतं.

पण त्याच प्रेमाची एक गोष्ट मला आजही टोचते. नोव्हेंबर 2014, शांघायमधली एक स्पर्धा. फ्री स्केटच्या, म्हणजे दुसऱ्या मोठ्या फेरीच्या, आधीच्या सहा मिनिटांच्या सरावात हान्यू आणि चीनचा यान हान भर वेगात एकमेकांवर आदळले. हान्यू बर्फावर पडून राहिला, हनुवटी आणि डोकं रक्ताळलेलं. थोड्या वेळाने डोक्याला पट्टी बांधून तो परत आला, पाच वेळा पडला, पाचही वेळा उठला आणि दुसरा आला. तेव्हा आपण सगळ्यांनी काय केलं? रडलो, टाळ्या वाजवल्या, त्याला योद्धा म्हटलं. मीही म्हटलं. आज ते बघताना वाटतं, त्या दिवशी त्याला कोणीतरी हाताला धरून बसवायला हवं होतं. डोक्याला मार लागलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाने चार गिरक्यांच्या उड्या मारायच्या नसतात. त्याच्या जिद्दीला तोड नाही. पण अशा जिद्दीला आपण दरवेळी डोक्यावर घेतलं, की पुढच्या खेळाडूला 'आज मी उतरत नाही' असं म्हणणं अवघड होतं. म्हणून पहिली विनंती ही: जखमी खेळाडूने माघार घेतली तर तिकिटाच्या पैशांची हळहळ मनात ठेवा. त्याने बरोबर केलं, असं मोठ्याने म्हणा.

आता बेजिंगबद्दल. 2022 च्या ऑलिंपिकमध्ये शॉर्ट प्रोग्रामला, म्हणजे पहिल्या छोट्या फेरीत, पहिल्याच उडीला त्याचं पातं बर्फातल्या एका खळग्यात अडकलं आणि चारच्या जागी एकच गिरकी झाली. तो आठवा होता. फ्री स्केटमध्ये त्याने क्वाड ॲक्सेल घेतली. बाकीच्या उड्या पाठमोऱ्या घेतात, ॲक्सेल तेवढी समोर तोंड करून घेतात, म्हणून तिच्यात अर्धी गिरकी जास्त. चारच्या नावाखाली साडेचार. तो पडला, गिरकीही किंचित अपुरी पडली, पण परीक्षकांच्या कागदावर ती क्वाड ॲक्सेल म्हणूनच नोंदली गेली. तो चौथा आला. काही महिन्यांनी अमेरिकेच्या इलिया मालिनिनने तीच उडी स्पर्धेत नीट पूर्ण केली. 'मग हान्यूला काय मिळालं' असं कोणी विचारलं, तर बेजिंगच्या त्या प्रयत्नाची चित्रफीत त्याला दाखवा आणि गप्प बसा.

19 जुलै 2022 ला, सत्ताविसाव्या वर्षी, त्याने स्पर्धा सोडून व्यावसायिक स्केटर होत असल्याचं जाहीर केलं. लगेच हळहळ सुरू झाली, 'संपलं' म्हणून. काय संपलं? स्पर्धेत फ्री स्केट चार मिनिटांचं असतं. फेब्रुवारी 2023 मध्ये टोकियो डोममध्ये सुमारे 35,000 लोकांसमोर त्याने अख्खा कार्यक्रम एकट्याने पेलला. बेजिंगला जो शॉर्ट प्रोग्राम बिघडला होता तोच, आधी सहा मिनिटांचा सराव करून, स्पर्धेसारखा पुन्हा सादर केला. ज्यांना हे स्पर्धेपेक्षा सोपं वाटतं त्यांनी हा कार्यक्रम सलग बसून बघावा. सचिनने कधी थांबावं यावर आपल्याकडे चहाच्या टपरीपासून संपादकीयापर्यंत किती वर्षं वाद चालला, ते आठवा. शेवटी 2013 ला वानखेडेवर तो थांबला, त्याच्या वेळेला. खेळाडूच्या गुडघ्याला, घोट्याला काय होतंय ते त्यालाच कळतं. आपल्याला फक्त गुण दिसतात.

आणि आता जे सांगायचं म्हणून हे लिहायला बसले ते. ऑगस्ट 2023 मध्ये हान्यूने लग्न केल्याचं कळवलं. पत्नीचं नाव सांगितलं नाही. तेवढ्यावर थांबायला काय हरकत होती? पण नाव शोधलं गेलं, छापलं गेलं. नोव्हेंबरमध्ये त्याने घटस्फोट झाल्याचं जाहीर केलं, आणि कारणही लिहिलं: पत्नीवर, दोघांच्या नातेवाइकांवर, ओळखीच्यांवर होणारी बदनामी, पाठलाग, परवानगीशिवायच्या मुलाखती. तिला घराबाहेर पडणं मुश्कील झालं होतं. तीन महिने आणि काही दिवस, एवढंच ते लग्न टिकलं.

आपण जपानमध्ये कोणाच्या दाराशी उभे नव्हतो, हे खरं. पण 'ती कोण' हे बघायला बातमी उघडणारे, फोटो पुढे ढकलणारे हात जगभर होते. ज्या बातमीला वाचक नाही ती कोणी दुसऱ्यांदा छापत नाही. म्हणून कळकळीने सांगते, खेळाडूच्या घरच्या माणसांबद्दलची बातमी समोर आली तर ती उघडू नका, पुढे पाठवू नका, कोणी पाठवली तर 'मला नको' असं स्पष्ट कळवा. संकोच वाटेल. तरी कळवा.

चर्चा करायचीच तर त्याच्या पायांकडे बघून करा. उडीआधी पातं कोणत्या कडेवर आहे, उतरताना गुडघा किती मऊ वाकतो, सूर थांबला तरी हात कसा संथ खाली येतो. हे बघायला शिकलात तर 'पुढे काय' हा प्रश्न पडायला फुरसत मिळणार नाही.

2023 पासून तो मार्च महिन्यात सेंदाईजवळच्या रिफू गावात 'नोत्ते स्तेल्लाता', म्हणजे तारांकित रात्र, नावाचा कार्यक्रम करतो आहे. भूकंपाच्या रात्री वीज गेली होती आणि अंधारात आकाशभर तारे दिसले होते, त्याची ही आठवण. ज्या सभागृहात हा कार्यक्रम होतो तिथे त्या दिवसांत मृतदेह ठेवले होते. तो कार्यक्रम बघायचा योग आला तर शेवटच्या नमस्कारापर्यंत बघा, टाळ्या वाजवा आणि त्याला शांतपणे घरी जाऊ द्या.