दर्शनाचा अधिकार आणि चित्रांचे आयुष्य

जावा बेटावरील बोरोबुदूरच्या स्तूपावर चढावयाचे, तर आता विणलेली मऊ पादत्राणे घालावी लागतात. त्यांना तेथे ‘उपानत्’ असे म्हणतात. संस्कृत शिकलेल्यांना या शब्दाची ओळख करून देण्याचे कारण नाही. बुटांनी नवव्या शतकातील दगडी पायऱ्या झिजू लागल्या, म्हणून २०२३ पासून ही व्यवस्था अमलात आली आणि माथ्यापर्यंत जाणाऱ्यांची संख्या दिवसाला बाराशेपर्यंत मर्यादित झाली.

या निर्णयापूर्वीची घटना अधिक बोधप्रद आहे. जून २०२२ मध्ये इंडोनेशियाच्या सरकारने देशी प्रेक्षकांसाठी वर चढण्याचा आकार साडेसात लाख रुपिया करण्याचे ठरविले होते. सामान्य नागरिकाला आपल्याच पूर्वजांच्या वास्तूपासून पैशाच्या बळावर दूर ठेवणारा हा निर्णय लोकांना रुचला नाही, आणि सरकारला तो स्थगित करावा लागला. गर्दी रोखावी, पण ती दामाने नव्हे, हा धडा त्यातून मिळाला.

हा प्रश्न महाराष्ट्राला परका नाही. अजिंठ्याची समस्या तर बोरोबुदूरहून नाजूक आहे. तेथे झिजतो तो दगड. येथे धोक्यात आहे ती माती, भुसा व तंतू यांच्या गिलाव्यावर रंगविलेली, दीड हजार वर्षांची चित्रे. बंद विहारात शेकडो माणसांचा श्वास, घाम आणि धूळ साचते. हवेतील दमटपणा वाढतो आणि गिलावा भिंतीपासून सुटू लागतो. म्हणूनच चित्रित लेण्यांत एका वेळी सुमारे चाळीस जणांनाच सोडण्याचा नियम करण्यात आला.

अजिंठ्याचा इतिहास आणखी एक इशारा देतो. १८१९ मध्ये ही लेणी इंग्रजांच्या दृष्टीस पडल्यानंतर त्यांवर प्रेम करणाऱ्यांनीही नकळत त्यांना इजा केली. चित्रे उजळ दिसावीत व टिकावीत म्हणून त्यांवर रोगण चढविले गेले. निजामाच्या राजवटीत १९२० च्या सुमारास आलेल्या इटालियन तज्ज्ञांनीही लाखेचा वापर केला. ते थर पुढे पिवळे पडले आणि ते काढण्यात पुरातत्त्व खात्याची वर्षानुवर्षे खर्ची पडली. रॉबर्ट गिल यांनी परिश्रमपूर्वक काढलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत भस्मसात झाल्या. प्रतिकृती जळाली तर दुसरी करता येते. मूळ भिंत पडली तर काय करणार?

तेव्हा उपाय दोनच दिसतात. पहिला, संख्येची मर्यादा. परंतु ती शुल्कवाढीने नव्हे, तर आगाऊ नोंदणी व वेळेच्या वाटपाने. तिकीट महाग केल्यास परदेशी पर्यटक येतच राहील. अडेल तो एस. टी. ने सहल घेऊन येणारा शिक्षक आणि त्याचे विद्यार्थी. दुसरा उपाय म्हणजे, प्रेक्षकाची पूर्वतयारी. जपानच्या कर्जसाहाय्याने अजिंठ्याच्या पायथ्याशी प्रतिकृती-लेण्यांसह एक अभ्यागत केंद्र उभारले गेले. पद्मपाणीसमोर निवांत उभे राहून जातककथा समजावून घेण्याची सोय तेथे होऊ शकत होती. वीज-पाण्याची देयके थकल्यामुळे ते काही वर्षांतच बंद पडल्याच्या बातम्या आल्या. कोट्यवधी रुपये खर्चून औषध आणावे आणि ते रोग्याला देण्यापूर्वीच कपाटाला कुलूप लावावे, असाच हा प्रकार म्हणावा लागेल.

पंधरा मिनिटांच्या धावत्या भेटीत अंधाराला डोळे सरावण्यातच निम्मा वेळ जातो. प्रतिकृतीपुढे तासभर बसून आलेला विद्यार्थी मूळ चित्रापुढे थोडाच वेळ उभा राहिला, तरी अधिक पाहील. ही लेणी भिक्षूंच्या साधनेसाठी कोरली गेली होती, गर्दीसाठी नव्हे. तेथे कमी माणसांनी कमी वेळ जावे, पण जाणून जावे, यातच चित्रांचे आणि प्रेक्षकांचेही हित आहे.