धने-जिऱ्याच्या आधी पाणी

लघवीला आग व्हायला लागली की धाराशिव जिल्ह्यात परांड्यापासून उमरग्यापर्यंत निदान ठरलेलं असतं: उन्हाळी लागली. उपचारही घरात तयार असतो. धने-जिरे रात्री भिजत घालून सकाळी गाळून प्यायचे, सब्जा घ्यायचा, वाळ्याचं पाणी, ताक, नाहीतर ग्लासभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा. दोन दिवसांत आग थांबली तर औषध लागू पडलं. नाही थांबली तर मेडिकलवर जाऊन ‘लघवीची गोळी’ मागायची. अलीकडे यात मोबाइलवरच्या चित्रफितींची भर पडली आहे. ‘शंभर टक्के नैसर्गिक, दुष्परिणाम शून्य’ असं सांगत त्या चूर्णं आणि सरबतं विकतात.

मी नैसर्गिक उपायांच्या बाजूने लिहिते आहे, हे आधी सांगते. मूत्रमार्गाचा संसर्ग पुन्हा पुन्हा होऊ नये म्हणून गोळीच्या आधी शरीराच्या स्वतःच्या व्यवस्थेला हात द्यावा, हे मला मनापासून पटतं. पण ती व्यवस्था कोणती, हे ठरवताना आपण घसरतो आणि भलत्याच गोष्टींना निसर्गाचं नाव देतो.

पहिला पूर्वपक्ष उष्णतेचा. अंगात उष्णता वाढली म्हणून आग होते, तेव्हा थंड पदार्थ घ्या, असं तो सांगतो. यातलं निरीक्षण खोटं नाही. ऊन तापायला लागलं की हा त्रास खरोखर वाढतो. कारण मात्र वेगळं आहे. बहुतेक वेळा हा संसर्ग ई. कोलाय नावाच्या जिवाणूमुळे होतो. तो आपल्याच आतड्यात राहतो, गुदद्वाराकडून मूत्रद्वारापाशी पोचतो आणि वर चढतो. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर लांब असतो, त्यामुळे मूत्राशय गाठायला त्याला फार अंतर कापावं लागत नाही. आत शिरलेल्या जिवाणूला बाहेर काढायची शरीराची साधी सोय म्हणजे वाहती लघवी. उन्हात घाम गेला आणि पाणी कमी पडलं की लघवी कमी होते, दाट होते, तासन्‌तास साठून राहते. जिवाणूंना वाढायला तेवढा वेळ पुरतो. म्हणजे आजीने ऋतू बरोबर ओळखला होता. धने-जिऱ्याच्या पाण्याने बरं वाटतं हेही खरं. पण त्या तांब्यात धने-जिरे चमचाभर असतात आणि पाणी तांब्याभर. श्रेय कुणाला द्यायचं?

याचं उत्तर अंदाजाने द्यायची गरज नाही. ज्यांना वर्षात किमान तीनदा हा त्रास झाला होता आणि ज्या दिवसाला दीड लिटरहून कमी पातळ पदार्थ घेत होत्या, अशा १४० स्त्रियांवर बल्गेरियात एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. अर्ध्या जणींना रोज दीड लिटर जादा पाणी प्यायला सांगितलं, बाकीच्यांचं नेहमीचं चालू ठेवलं. वर्षभरात पाणी वाढवलेल्या बायकांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, इतरांना ३.२ वेळा. अँटिबायोटिकच्या फेऱ्याही जवळपास निम्म्यावर आल्या. नुसतं पाणी, त्यात काही मिसळलेलं नाही. हृदय किंवा किडनीच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल, तर ही गोष्ट त्या बाईसाठी नाही. बाकीच्यांना लघवीचा रंग फिकट पिवळा राहील एवढं पाणी प्या, असं सांगता येतं.

सांगता येतं, पण प्यायचं कुठून, आणि प्यायल्यावर जायचं कुठे? घरगुती उपायांवरच्या सगळ्या लिखाणात हा प्रश्न वगळलेला असतो, आणि धाराशिव जिल्ह्यात खरा प्रश्न तोच आहे.

दिवाळीच्या सुमाराला भूम, कळंब, वाशी, परांडा या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली, ती फेडायची म्हणून दिवस बुडवायची सोय नाही, बुडवला तर खाडा. बाई पहाटे काळोखात उठते, कोपीत भाकरी थापते आणि फडात जाते. तिथे आडोसा उसाचाच, आणि तोही तोडला की संपतो. आजूबाजूला टोळीतले पुरुष, मुकादम, गाडीवाले. मग तिने स्वतःपुरता एक उपाय शोधलेला असतो: दिवसा पाणी कमी प्यायचं आणि अंधार पडेपर्यंत दाबून धरायचं. याच बाईला आपण गावी परतल्यावर सांगणार की सब्जा खा, उष्णता झाली आहे.

ऊसतोडीला न जाणाऱ्यांचं काय? एसटीने तालुक्याला निघालेली बाई घरून पाणी न पिता निघते, कारण स्थानकातल्या स्वच्छतागृहात पाय ठेववत नाही. शाळेतल्या मुली दुपारच्या सुट्टीत पाण्याची बाटली उघडत नाहीत. आश्विनात सोलापूरकडून तुळजापूरला रात्रभर चालत येणाऱ्या बायकांना वाटेत सरबत आणि फराळ देणारे हात पुष्कळ असतात, पण आडोशाची सोय तेवढ्या संख्येने नसते. एप्रिल २०१८ मध्ये महाराष्ट्राचा ग्रामीण भाग हागणदारीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. शौचालयं बांधली गेली, ते चांगलंच झालं. पण ज्या गावात फेब्रुवारीपासून टँकरची वाट बघावी लागते, तिथे प्रत्येक वेळी ओतायचं बादलीभर पाणी डोक्यावरून आणणारी बाईच असते. ती शौचालयाला जाणं कमी करते आणि त्यासाठी पिणंही कमी करते. दुष्काळात घरात सगळ्यांत शेवटी पाणी पिणारी तीच.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला सातवा अध्याय ‘नवेगान्धारणीय’ या नावाने ओळखला जातो. शरीराचे नैसर्गिक वेग अडवू नयेत, हा त्याचा विषय. लघवी रोखल्याने मूत्राशयात वेदना होतात, लघवी अडखळत व दुखत होते, असं तिथे स्पष्ट म्हटलेलं आहे. आयुर्वेदाचं नाव घेऊन डबे विकणाऱ्यांनी हा अध्याय बाजूला ठेवला आहे. तो पाळायला एकही डबा लागत नाही, दार लावता येईल अशी एक खोली लागते.

आता त्या डब्यांकडे. शेताच्या बांधावर पायात रुततो तो सराटा, म्हणजेच गोखरू. मूत्रविकारांवर तो आपल्याकडे शतकानुशतकं वापरला जातो, आणि जाणत्या वैद्याने तपासून दिला तर माझी हरकत नाही. पण चढलेला संसर्ग गोखरूने बरा होतो, असं भक्कम चाचण्यांनी अजून दाखवलेलं नाही. परदेशी क्रॅनबेरीचा पुरावा त्याहून बरा आहे. २०२३ साली कॉक्रेन या संस्थेने ५० अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा वारंवार त्रास होणाऱ्या स्त्रियांत पुन्हा संसर्ग होण्याचा धोका सुमारे चौथ्या हिश्शाने कमी झालेला दिसला. गरोदर स्त्रियांत आणि वृद्धाश्रमासारख्या ठिकाणी राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांत तसा फायदा दिसला नाही. झालेला संसर्ग बरा करण्याचं काम तर ते फळ करतच नाही. डी-मॅनोज नावाच्या साखरेची भुकटी अशीच महाग विकली जाते. ब्रिटनमध्ये ५९८ स्त्रियांवर झालेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तिचा उपयोग झाला नाही. मजुरीवर जाणाऱ्या बाईने यासाठी पैसे मोडावेत, असं मला अजिबात वाटत नाही.

आणि ‘दुष्परिणाम शून्य’ हे तर साफ खोटं आहे. रक्तदाब असलेल्या बाईने रोज खायचा सोडा घेणं म्हणजे रोज जास्तीचं सोडियम घेणं. किडनी अधू असेल तर नारळपाण्यातलं पोटॅशियमही बाधू शकतं. सोड्याने आग कमी वाटली तरी जिवाणू तिथेच राहू शकतात. आग थांबली म्हणून आजार गेला असं समजण्यातच मोठा धोका आहे.

पण म्हणून दुसरा पूर्वपक्ष खरा ठरत नाही. घरगुती सगळं थोतांड, आग झाली की गोळी घ्या, असं म्हणणारेही पुष्कळ आहेत. जर्मनीत ४९४ स्त्रियांवर झालेली एक चाचणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. त्यात काही जणींना लगेच अँटिबायोटिक दिलं, काहींना आधी फक्त दुखणं कमी करणारी आयब्युप्रोफेन दिली. दुसऱ्या गटातल्या सुमारे दोन तृतीयांश बायका अँटिबायोटिकशिवाय बऱ्या झाल्या. शरीर स्वतः लढतं, हे नैसर्गिकवाल्यांचं म्हणणं इथे टिकतं. पण त्याच गटात त्रास अधिक दिवस राहिला आणि मोजक्या जणींचा का होईना, संसर्ग किडनीपर्यंत चढण्याचं प्रमाण जास्त दिसलं. म्हणून एक-दोन दिवस भरपूर पाणी पिऊन वाट बघण्याची सवलत एरवी धडधाकट, गरोदर नसलेल्या, ताप नसलेल्या बाईलाच, आणि तीही डॉक्टरांच्या कानावर घालून.

थंडी वाजून ताप, कुशीत किंवा पाठीत बरगड्यांखाली दुखणं, उलट्या, लघवीत रक्त, यांपैकी काहीही असेल तर धने-जिऱ्याची वाट बघू नये. गरोदर बाई, लहान मूल, मधुमेही आणि पुरुष यांनी पहिल्याच दिवशी दवाखाना गाठावा. गरोदरपणात तर आग नसतानाही लघवीत जिवाणू असू शकतात आणि उपचार न झाल्यास ते किडनीपर्यंत जातात. त्यासाठीच त्या काळात लघवी तपासतात. ही तपासणी कुणीही टाळू नये.

गोळी लागली तर ती नीट घ्यायला हवी. गेल्या वेळची उरलेली पट्टी, जावेला दिलेल्या गोळ्या, मेडिकलवाल्याने अंदाजाने काढून दिलेल्या दोन दिवसांच्या गोळ्या, हे थांबायला हवं. सेफिक्झिमच्या वर्गातली अँटिबायोटिक्स एच-१ अनुसूचीत आहेत. ती चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत आणि १ मार्च २०१४ पासून विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते. आपल्या देशात ई. कोलाय या वर्गाच्या आणि सिप्रोफ्लॉक्सासिनच्या वर्गाच्या औषधांना मोठ्या प्रमाणात दाद देत नाही. नायट्रोफ्युरँटॉइन, फॉस्फोमायसिन ही जुनी औषधं अजून बऱ्याच अंशी चालतात, ती जपायची आहेत. त्रास पुन्हा पुन्हा येत असेल तर गोळी सुरू करण्याआधी लघवीचं कल्चर करून घ्यावं. पाळी गेलेल्या बायकांत हा त्रास हार्मोन घटल्यामुळे वाढतो. त्यावर योनिमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं मलम उपयोगी पडतं, आणि आपल्याकडच्या किती सासवांना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

न सांगण्याची किंमत किती जड असते ते शेजारच्या बीड जिल्ह्यात दिसलं. ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने केली. पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. ओटीपोटात दुखणं, अंगावरून पांढरं जाणं अशा तक्रारी घेऊन गेलेल्या बायकांना पिशवी काढायचा सल्ला मिळाल्याचं त्या काळात पुढे आलं. यांतल्या कितीतरी तक्रारींची सुरुवात साध्या, तपासून बऱ्या होणाऱ्या संसर्गाने झाली असू शकेल, या विचाराने मला आजही राग येतो.

हे बदलण्याचा अनुभव धाराशिव जिल्ह्याकडे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतरच्या वर्षांत अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने, डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांच्या पुढाकाराने, गावातल्याच बायकांना शिकवून ‘भारतवैद्य’ म्हणून उभं केलं. कमी शिकलेली बाई शेजारणीची तक्रार नीट ऐकू शकते आणि कुणाला दवाखान्यात पाठवायचं ते ओळखू शकते, हे त्यातून दिसलं. आज आशाताई गावोगाव आहेत. त्यांच्या पिशवीत लघवी तपासायच्या पट्ट्या असाव्यात. टोळी निघण्याआधी प्रत्येक ऊसतोड बाईची तपासणी व्हावी. आणि साखर कारखान्याने फडाजवळ पिण्याच्या पाण्याची टाकी व हलवता येणारं, आतून कडी लागणारं शौचालय द्यावं, ही अट मुकादमाशी होणाऱ्या कराराच्या कागदावर उचलीच्या रकमेइतक्याच ठळक अक्षरांत लिहिलेली असावी.