लोंबत्या पाण्याखाली

नांदेड-लातूरकडं नवी टूम निघालीय. ज्याच्या हातात पैसा आला, मग तो गुत्तेदारीचा असो, क्लासचा असो की कारखान्याच्या राजकारणाचा, त्यानं माळ घ्यायचा, ओढ्याला आडवा मातीचा भराव घालायचा, पाणी तुंबवायचं आणि त्यात बोट सोडायची. काठावर गवताची झोपडी, आत एसी. हुरडा पार्टी, वाढदिवस, लग्नाआधीचे फोटो. याच लातुरात २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं. टाक्यांभोवती जमावबंदी होती, घागर घेऊन गर्दी करणं हा गुन्हा होता. त्या मुलखात आज पाण्याचा उपयोग काय, तर बघायला.

बघू द्या. मला त्यांच्या मौजेशी भांडायचं नाही. माझं भांडण त्या भिंतीशी आहे.

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला असंच एक तळं झालंय. गावाचं नाव सांगत नाही, मालकाचंही नाही. माझा भाऊ अजून तिथंच राहतो, तेवढं कारण पुरे. तळ्याखाली ओढा, ओढ्याच्या कडेला आपली वस्ती. मधे शेत नाही, घर नाही, काही नाही. वस्ती तिथं कुणी नेऊन ठेवली हे तुम्हाला सांगायला नको. गावानं हजार वर्षं आपलं उष्टं, आपली घाण ज्या दिशेला सोडली त्याच दिशेला आपण राहतो. गावकूस म्हंजे नुसती भिंत नाही दोस्तांनो, तो उतारसुद्धा आहे. आता त्या उताराच्या डोक्यावर पाणी येऊन बसलंय.

मी मुंबईच्या गोदीत माल उतरवतो. गोदीत पोरगा नवा आला की मुकादम पहिला नियम शिकवतो, हुकाला माल लोंबत असेल तर त्याच्याखाली उभं राहायचं नाही. क्रेनवर आकडा रंगवलेला असतो, किती टन उचलेल तो. साखळी, हुक, स्लिंग वजन लावून तपासायचं आणि त्याचा कागद ठेवायचा. १९८६ साली गोदी कामगारांच्या सुरक्षेचा कायदा आला त्यात हे लिहिलंय. आमची माणसं मेली म्हणून ते लिहावं लागलं, कुणाला दया आली म्हणून नव्हे.

आता हिशेब करा. एक घनमीटर पाणी म्हंजे एक टन. दोन एकराचं तळं आणि सरासरी तीन मीटर पाणी धरलं तर चोवीस हजार टन होतात. पन्नास किलोच्या चार लाख ऐंशी हजार गोणी. एक अख्खं जहाज वस्तीच्या डोक्यावर लोंबतंय आणि त्याच्या साखळीवर कुठलाच आकडा रंगवलेला नाही. कविता लिहिणाऱ्या पोरानं टनांचा हिशेब कशाला करावा, असं आपल्यातलेच काही म्हणतील. म्हणू द्यात.

माझा चुलत आजा ७२ च्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर होता. सुकडी खाऊन त्या पिढीनं मराठवाड्याच्या पाळवी बांधल्या. इंजिनिअरनं रेघ मारली, माती वाहिली आपण. त्याला घेऊन मी तळ्याच्या पाळूवर गेलो. पायानं माती उकरून म्हणाला, "ही बांधल्याली न्हाई, वतल्याली हाय." आमच्या येळेला थर टाकायचा, पाणी मारायचं, धुमसानं चोपायचं, मग दुसरा थर. पोटात काळी माती, वरून मुरूम, पाण्याच्या अंगाला दगड. इथं जेसीबीनं काळी माती ढिगानं टाकली आणि ट्रॅक्टर फिरवला. काळ्या मातीचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. पावसात फुगते, उन्हात हात जाईल एवढी फाटते. मे महिन्यात फाटलेल्या भिंतीवर जूनचा पहिला लोंढा येतो.

पायथ्याशी पाणी झिरपत होतं. मी घाबरलो तर म्हातारा म्हणाला, "निवळ येतंय तवर भ्याचं न्हाई. गढूळ यायला लागलं की लेकरं उचलायची आन् माळावर पळायचं." गढूळ म्हंजे पाणी भिंतीचीच माती घेऊन बाहेर पडतंय, भिंत आतून पोखरतेय. एवढं शास्त्र त्याला येतं. त्याला निरक्षर म्हणतात.

सांडव्याकडं गेलो. सांडवा म्हंजे जादा पाणी निघून जायची वाट. मातीच्या धरणाचा जीव त्यात असतो, कारण माती सगळं सोसते पण डोक्यावरून वाहणारं पाणी सोसत नाही. त्या सांडव्यात फळ्या ठोकल्या होत्या आणि वर सिमेंटच्या गोणीत वाळू भरून रचली होती. राखणदाराला विचारलं. म्हणाला, "पानी वर ठिवावं लागतंय दादा, न्हाईतर बोट बुडाला टेकतीया."

सगळी मेख इथं आहे. शेतीचं तळं उन्हाळ्यात रिकामं होतं, मृगाच्या पावसाला त्याच्या पोटात जागा असते. मौजेचं तळं रिकामं झालं तर धंदा बसतो. म्हणून ते बारा महिने काठोकाठ पाहिजे. काठोकाठ भरलेल्या तळ्यात मोठा पाऊस आला तर तो जाईल कुठं? आणि पाऊस आता बेतानं पडत नाही. १७ ऑगस्ट २०२५ च्या रात्री मुखेड तालुक्यात लेंडी धरणाच्या परिसरात दोनशे मिलिमीटरच्या वर कोसळला. रावणगाव, हसनाळ पाण्यात गेलं, हसनाळला माणसं मेली. ते धरण सरकारी, त्याची कहाणी निराळी. पण तो पाऊस एखाद्या फळ्या ठोकलेल्या सांडव्यावर पडला असता तर काय झालं असतं, एवढंच मनात आणा.

मनात आणायचीही गरज नाही, हे एकदा घडून गेलंय. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात साऊथ फोर्क नावाचं धरण होतं, मातीचं, बहात्तर फूट उंच. बड्या लोकांच्या शिकार-मासेमारी क्लबानं ते विकत घेतलं. कार्नेगी, फ्रिक अशी पोलादाची धेंडं त्यात सभासद. तळातून पाणी सोडायचे नळ आधीच्या मालकानं भंगारात काढले होते, क्लबानं ते परत बसवले नाहीत. बग्ग्या जायला रस्ता हवा म्हणून पाळूचा माथा खाली आणला. सांडव्यावर जाळी बसवली, कशासाठी? तर मासे निसटू नयेत. ३१ मे १८८९ ला पाऊस झाला, जाळीत पालापाचोळा अडकला, पाणी भिंतीवरून गेलं आणि खालचं जॉन्सटाउन हे पोलाद कामगारांचं गाव धुऊन निघालं. २,२०९ माणसं मेली. क्लबाकडून कोर्टात एक दमडी वसूल झाली नाही. देवाची करणी ठरली. आपल्याकडं २ जुलै २०१९ ला तिवरे धरण फुटलं, वीसच्या आसपास जीव गेले, गळतीच्या तक्रारी आधीच झाल्या होत्या, आणि मंत्री म्हणाले, खेकड्यांनी पोखरलं. तिकडं देव, इकडं खेकडा.

आता कायदा बघा. २०२१ साली धरण सुरक्षा कायदा आला. पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी, आपत्तीचा आराखडा, कुचराईला तुरुंग, सगळं आहे. धरण खाजगी असलं तरी सुटका नाही. पण धरण म्हणायचं कशाला? पंधरा मीटरच्या वर उंची असेल तर. दहा ते पंधरामध्ये असेल तर त्याला आणखी अटी, लांबी पाचशे मीटर किंवा साठा दहा लाख घनमीटर वगैरे. दहा मीटरच्या खाली काहीच नाही. आमच्या गावचा भराव आठ मीटरचा असेल. म्हंजे कायद्याच्या डोळ्याला तो दिसतच नाही. पुण्याकडं लवासावाल्या कंपनीनं दासव्याला बांध घालून हॉटेलांपुढं तळं केलं, तर त्या शहरावर निदान आंदोलनं झाली, २०१० साली दिल्लीची नोटीस आली. आमच्या आठ मीटरला कोण नोटीस देणार? तलाठ्याच्या कागदावर ते शेततळं असतं.

भिंत किती उंच हे मोजतात, भिंतीखाली कोण झोपतं ते मोजत नाहीत. माझा आक्षेप एवढाच आहे. आठ मीटरच्या पाण्याला माणूस मारायला पंधरा मीटर लागत नाहीत.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते तेव्हा दामोदरच्या पुराचा प्रश्न त्यांनी हातात घेतला, आणि १९४५ साली पाण्याचा केंद्रीय आयोग उभा राहिला. आजचा केंद्रीय जल आयोग त्यातूनच आला. महाडला १९२७ साली ते पाणी मागायला गेले होते, हे आपण दरवर्षी सांगतो. पाण्यापासून माणसाला वाचवायचं खातंही त्यांनीच घडवलं, हे आपल्या स्टेजवर कुणी सांगत नाही.

एका वकील मित्रानं मला जुना निकाल दाखवला. १८७४ सालचा, मद्रासकडचा. जमीनदाराचे तलाव फुटले, रेल्वेचं नुकसान झालं, रेल्वे लंडनपर्यंत भांडली. प्रिव्ही कौन्सिलनं जमीनदाराला सोडलं. कारण काय दिलं? हे तलाव पूर्वापार आहेत, त्यांच्यावाचून या देशात शेती होत नाही, ते राखणं जमीनदाराचं कर्तव्यच आहे. ठीक. मग ज्या तळ्यावर एक गुंठा भिजत नाही, ज्यात फक्त बोट फिरते, त्याच्या मालकाला ही ढाल कशी मिळेल? धोक्याची वस्तू स्वतःच्या जागेत आणून ठेवली की ती सुटल्यावर मालक जबाबदार, त्याची चूक शोधायचीही गरज नाही, हे तत्त्व इंग्लंडात १८६८ सालीच ठरलं, आणि तो खटलाही गिरणीवाल्याच्या खाजगी तळ्याचाच होता. आपल्या सुप्रीम कोर्टानं १९८६ साली धोकादायक कारखान्यांसाठी ते अजून कडक केलं. पण मेल्यावर मिळणाऱ्या भरपाईसाठी मी हे लिहीत नाही.

नांदेड, लातूर, उदगीर, अहमदपूर, कंधारच्या पोरांनी येत्या मे महिन्यात आपापल्या वस्तीच्या वर चालत जावं. टेप न्यावा. भिंत किती उंच, सांडवा किती रुंद, त्यात फळी आहे का, पाळूवर बाभळी आणि घुशींची बिळं आहेत का, पायथ्याला पाणी निवळ येतंय की गढूळ, आणि खाली घरं किती, माणसं किती, सगळं वहीत लिहावं. फोटो काढावा. अर्ज ग्रामसभेत द्यावा आणि कलेक्टरला द्यावा, कारण २००५ च्या आपत्ती कायद्यानं जिल्ह्याच्या आपत्ती प्राधिकरणाचा अध्यक्ष तोच आहे. पोच घ्यावी, पोच घेतल्याशिवाय हलू नये. एकट्यानं जाऊ नये. मागणी पहिली एकच, पाऊस पडायच्या आत सांडव्यातल्या फळ्या काढा. बोट टेकली तर टेकू द्या.