हिमउतारावरील साहस आणि जबाबदारी

कांजूरमार्गाहून लोकलने कर्जत गाठून पेठच्या किल्ल्यावर चढणारा आमचा तरुण हिवाळ्यात गुलमर्गचीही स्वप्ने पाहतो, हे स्वागतार्हच आहे. परंतु गोंडोला रज्जुमार्गाने अफरवट पर्वतावर सुमारे ३,९०० मीटर उंचीवर उतरून, स्की-गस्तीची हद्द ओलांडून अस्पर्श हिमात स्कीवरून स्वैर संचार करण्यास सह्याद्रीचा अनुभव पुरेसा आहे, हा समज सर्वथा भ्रामक होय. कातळाचा स्वभाव सहसा पालटत नाही; हिमाचा एका रात्रीच्या वाऱ्याने पालटतो, आणि ३० ते ४५ अंशांचा जो उतार स्कीपटूस मोहवितो, तोच हिमप्रपातासही अनुकूल असतो. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटवर दोन पोलिश, तर २२ फेब्रुवारी २०२४ रोजी गुलमर्ग परिसरातच एक रशियन स्कीपटू हिमप्रपातात प्राणास मुकला. गाडलेल्याच्या जीविताची आशा पहिल्या १५ मिनिटांनंतर झपाट्याने मावळते. तेवढ्या अवधीत सरकारी पथक पोहोचेलच असे नाही, सोबतीच तेवढा जवळ असतो. म्हणून खरी भिस्त साहसवीरांच्या स्वतःच्या सज्जतेवर आहे; सरसकट मनाईहुकूम हा उपाय नव्हे. मात्र अंगावर गाडलेल्याचा ठावठिकाणा कळविणारे बीकन, पाठीवर शोधकाठी व फावडे आणि पुढे स्थानिक वाटाड्या नसेल, तर साहसवीरांनी हद्दीच्या आतच राहावे.